माठसुद्धा आपण वाजवून घेतो

ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीची, फी भरून झाली असेल आणि कुणी ओळखीचा माणूस कार्बन फायबरची जुनी सायकल ‘आपल्यातच देतोय’ म्हणत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी माझं ऐकून घ्या. माझे १,६५,००० रुपये गेले. त्यातले ५०,००० बायकोच्या भिशीचे होते. त्या महिन्यात तिचा नंबर लागला होता आणि मी मागायच्या आत तिने ते माझ्या हातात ठेवले. आजही मनाला सगळ्यात जास्त तेच लागून राहिलंय.

मी नाशिकचा, वय ४३. इथे सायकलचं वेड लागायला फार काही करावं लागत नाही. २०१५ साली आमच्या गावच्या डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने. त्याच वर्षी मिलिंद सोमणांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, पार केली. मी तेव्हा अॅल्युमिनियमची साधी रोड बाइक घेतली आणि रविवारी त्र्यंबक, मग इगतपुरी, असं करत करत अंतर वाढवत नेलं. पोहायला सावरकर तलावावर जायला लागलो. आणि एका वर्षी धीर करून गोव्याच्या ७०.३ ची फी भरली.

७०.३ म्हणजे तिन्ही प्रकारांचे मिळून मैल. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासांच्या आत. पूर्ण आयर्नमॅनच्या हे निम्मं, पण आमच्यासारख्या नोकरी करून सराव करणाऱ्याला हेही डोंगराएवढंच.

फी भरली की ती सहसा पूर्ण परत मिळत नाही, आणि शर्यतीची तारीख कॅलेंडरवर लाल गोल होऊन बसते. फसलो मी इथेच. मला सायकलची गरज होती म्हणून नव्हे, मला घाई होती म्हणून.

तो माणूस आमच्या रविवारच्या राइडला यायचा. नाव लिहीत नाही. चांगला पोहायचा, स्वतः दोनतीन मोठ्या शर्यती केल्याचं सांगायचा. मला त्याने पाण्यात हात कसा टाकायचा ते दाखवलं, बारा आठवड्यांचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं, एक पैसा घेतला नाही. चार महिने असेच गेले. मग जुलैमध्ये, शर्यतीला पंधरा आठवडे राहिले असताना, तो म्हणाला, “सर, तुमचं इंजिन मस्त आहे, पण त्या अॅल्युमिनियमवर तुम्ही नव्वद किलोमीटरनंतर पळूच शकणार नाही. पाय संपतील. माझ्याकडे एक टीटी बाइक आलीय, वाकून जोरात चालवायची शर्यतीची सायकल, परदेशातून परत आलेल्या डॉक्टरांची. बाहेर चार लाखांच्या खाली मिळणार नाही. दुसरा एक जण मागे लागलाय, पण मला ती तुमच्याकडे जावी असं वाटतं.”

त्या रात्री मी साधा हिशोब मांडायला हवा होता. नंतर मांडला, तो आता तुमच्यासाठी देतो. पोहणं १ तास १० मिनिटांत संपवायचं असतं. पोहणं आणि सायकल मिळून मर्यादा साडेपाच तासांची. अगदी शेवटच्या मिनिटाला पाण्याबाहेर आलात आणि कपडे-बूट बदलायला दहा मिनिटं घालवलीत, तरी सायकलला ४ तास १० मिनिटं उरतात. म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. मी माझ्या जुन्या सायकलवर याहून जोरात घोटीपर्यंत जाऊन येत होतो. पहिल्या शर्यतीला मला नव्या सायकलची काडीची गरज नव्हती. हँडलवर बसवायचे एरोबार (कोपरं टेकवून वाकून चालवायचे दांडे), चांगले टायर आणि सीट-हँडलचं आपल्या मापाने नीट करून घेतलेलं फिटिंग, एवढ्यावर भागलं असतं.

बघायला गेलो तेव्हा पाऊस धो-धो. त्याने सायकल एका सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आणली होती. ट्यूबलाइटखाली मॅट काळी फ्रेम, खोल रिमची चाकं. जीव लगेच जडला. चालवून बघतो म्हटलं तर म्हणाला, “पावसात नको सर, इथेच दोन चकरा मारा.” खांबांच्या मधून दोन चकरा मारल्या. बिल मागितलं तर डॉक्टरांकडे शोधावं लागेल, पुढच्या आठवड्यात देतो. सिरियल नंबरचा फोटो मागितला तर एक फोटो पाठवला, पण तो याच फ्रेमचा आहे का, हे सायकल उलटी करून बघायचं मला सुचलं नाही. माझी उंची ५ फूट ६ इंच आणि फ्रेम ५६ ची, म्हणजे माझ्यापेक्षा उंच माणसाच्या मापाची. त्यावरही उत्तर तयार होतं, “सीट खाली घेऊ, स्टेम आखूड टाकू, एकदम बसेल.” आता कळतं की सीट खाली करून मोठी फ्रेम लहान होत नाही. एरोबारवर हात पुरत नव्हते म्हणून मी सीटच्या टोकावर सरकून बसायचो, आणि तासाभरात मान आणि कंबर दोन्ही धरायचं.

पैसे दोन दिवसांत पाठवले, यूपीआयने आधी एक लाख, दुसऱ्या दिवशी पासष्ट हजार. पाठवताना त्याचा फोन आला, “सर, टॅक्सचं लफडं नको, रिमार्कमध्ये ‘उसने परत’ लिहा.” मी लिहिलं. दोन्ही वेळा लिहिलं. माझ्या हाताने मी माझाच पुरावा खोडला. कुणीही, कितीही जवळचा असो, असलं काही लिहायला सांगितलं तर तिथल्या तिथे व्यवहार थांबवा. खरा माणूस ‘सायकलचे पैसे’ लिहायला कधी अडवणार नाही.

पावसामुळे सगळा सराव घरात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल अडकवून जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. तिसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला. उजवा पाय खाली गेला की ‘टक’. जोर वाढवला की ठळक, हलकं चालवलं की बंद. त्याला व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) सैल असेल. कॅसेट घट्ट केली. मग म्हणाला पेडलला ग्रीस लावा. लावलं. मग म्हणाला कार्बन असंच बोलतं, सवय होईल. मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करायची. ती एकदा म्हणाली, “बाबा, तुमच्या सायकलला काहीतरी दुखतंय.”

१५ ऑगस्टला ग्रुपने कसारा घाट उतरून शहापूरपर्यंत जायचं ठरवलं होतं. घाटात ताशी ५०-५५ चा वेग सहज लागतो, आणि बाजूला ट्रक असतात. त्याच्या दोन दिवस आधी मी सायकल जुन्या नाशकातल्या एका मिस्त्रींकडे नेली. हे गृहस्थ चाळीस वर्षं सायकली जुळवतायत. कार्बन त्यांच्याकडे अलीकडे यायला लागलं, पण हात तोच.

त्यांनी आधी काहीच सोडलं नाही. खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि फ्रेमवर हळू वाजवत निघाले. वरच्या नळीवर टण, टण, टण, कोरडा, स्वच्छ आवाज. खालच्या नळीवर तसाच. डाव्या चेनस्टेवर, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, तसाच. उजव्या चेनस्टेवर, क्रँकपासून (पेडलच्या दांड्यापासून) चार बोटं मागे, आवाज एकदम बसला. थप. थप. जसा ओल्या मातीवर. त्यांनी पुन्हा डावीकडे वाजवून दाखवलं, पुन्हा उजवीकडे. मला म्हणाले, “सर, माठ घेताना वाजवून घेता ना? ही तर दीड लाखाची आहे.”

मग क्रँक काढला, बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यात फिरतो ते बेअरिंग) काढलं आणि मोबाइलचा टॉर्च आत धरला. आत कार्बनचे थर सुटून उभे राहिलेले, चटई उसवावी तसे. मला विचारून त्यांनी बाहेरून बारीक पॉलिश पेपर फिरवला. आधी काळा रंग गेला, खाली राखाडी प्रायमर, त्याखाली गुलाबीसर लांबी, म्हणजे पुट्टी. गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगला भरतात तीच. लांबी निघाली तशी तिच्याखाली केसाएवढी भेग दिसली, नळीच्या निम्म्या घेराला वळसा घालून गेलेली. मिस्त्रींनी तिच्याभोवती मार्करने गोल काढला. मग सायकल उलटी केली. सिरियल नंबर असतो तिथे घासून काढल्याची चकाकी, त्यावर रंग.

लोखंड वाकतं, अॅल्युमिनियमला पोचा पडतो, काही ना काही दिसतं. कार्बन म्हणजे धाग्यांच्या कापडाचे थर, राळेने एकमेकांना धरून ठेवलेले. आपटलं की आतले थर सुटतात आणि वरून काही दिसेलच असं नाही. मग एक दिवस खड्ड्यात चाक गेलं की मागचं अंगच वेगळं होतं. फुटलेली कार्बन फ्रेम दुरुस्त होत नाही असं अजिबात नाही. खराब भाग तासून काढून, त्यावर नवे थर योग्य दिशेने चढवून, नीट सुकवून केलेली दुरुस्ती चांगली टिकते, आणि अशी सायकल कुणी सांगून, कमी किमतीत विकली तर मी तक्रार करणार नाही. इथे दुरुस्ती नव्हतीच. भेग बुजवून वर रंग मारला होता, आणि त्याच्यावर बसून मी घाट उतरणार आहे हे त्याला माहीत होतं. ग्रुपवर राइडचा मेसेज त्यानेच टाकला होता.

चाकांचीही तीच गत. पावसात एकदा बाहेर काढली तर रिमवरचं कंपनीचं नाव सोलून निघालं. स्टिकर निघतो एवढ्यावरून चाक नकली ठरत नाही, खऱ्या कंपन्याही स्टिकर लावतात. पण रिमवर कुठेच नंबर नव्हता आणि आतला जोड हाताला खडबडीत लागत होता. वर ब्रेकला साध्या अॅल्युमिनियम रिमचे पॅड बसवलेले. कार्बनच्या रिमला वेगळे पॅड लागतात. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते, आणि हलक्या राळेची असेल तर मऊ पडून फुगते. घाटाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

बघायला जाताना सोबत सायकल कळणारा माणूस न्या, विकणाऱ्याचा नव्हे, तुमचा. दिवसाउजेडी बघा. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढायला लावा, टॉर्च आत धरा, नाणं वाजवा, डावी-उजवी बाजू ताडून बघा. नंबर स्वतः वाचा आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. एखाद्याच जागी रंग जाड किंवा जास्त गुळगुळीत लागला तर बोट तिथेच थांबवा. क्रँक शिमानोचा अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस, अकरा स्पीडचा असेल तर आतल्या बाजूचा दोन अक्षरी कोड बघा. २०१२ ते २०१९ च्या मध्यापर्यंत बनलेले यातले काही क्रँक, चिकटवलेले दोन भाग सुटू शकतात म्हणून, कंपनीने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तपासणीसाठी बोलावले आहेत. आणि दुकानात ट्रेनरवर किंवा चढावर निदान अर्धा तास चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. पाऊस असेल तर थांबा. शर्यत चुकली तर पुढच्या वर्षी असते.

सायकल विकणाऱ्या त्या माणसाला फोन केला तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला ट्रेनरवर घट्ट आवळून तुम्हीच फोडली. पोलिसांत अर्ज दिला. तिथे त्याने सांगितलं की सायकलचा व्यवहारच झाला नाही, यांनी माझे उसने घेतलेले पैसे परत केले, रिमार्क बघा. तो दिवस मी विसरणार नाही.

वाट सापडली ती वेगळ्याच ठिकाणी. ग्रुपमधल्या दोघांनी जुन्या-नव्या विक्रीच्या जाहिराती चाळल्या आणि त्याच मोबाइल नंबरवरून सात सायकली विकायला काढलेल्या सापडल्या. प्रत्येक वेळी ‘डॉक्टरांची’, ‘एनआरआयची’. एखाद्याने स्वतःची वापरलेली वस्तू विकली तर ग्राहक कायद्यात त्याला धरणं अवघड जातं. पण जो सतत विकतो तो व्यापारी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कुठून सुरुवात करायची ते १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. मी जाहिरातींचे स्क्रीनशॉट, त्याचे मेसेज, मिस्त्रींचं लेखी म्हणणं, सगळं जोडून तक्रार दाखल केलीय. व्हॉट्सॲपवरचं बोलणं मी डिलीट केलं नव्हतं हे नशीब. त्यात ‘सायकल कशी वाटली सर’ असं त्याने स्वतः विचारलंय.

गोव्याला मी जुन्याच सायकलवर गेलो. पाच हजारांचे एरोबार लावले, मिस्त्रींनी सीट आणि हँडल माझ्या मापाने बसवून दिलं. नव्वद किलोमीटर ३ तास २५ मिनिटांत झाले आणि त्यानंतर मी पळालो. पाय संपले नाहीत.

नोटीस गेल्यावर त्याचा एक मित्र घरी आला. सत्तर हजार रोख देतो, तक्रार मागे घ्या आणि फ्रेम परत द्या. खरं सांगतो, मन डळमळलं. भिशीचे पैसे तरी तिला देता आले असते. बायको आतून पाणी घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवलं आणि मला म्हणाली, “अहो, पैशांचं बघू. पण ही परत दिली तर तो पुन्हा रंग मारून कुणाला तरी विकेल की.”

फ्रेम आमच्या माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी, जुन्या चादरीत गुंडाळून. आयोगाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी ती खाली काढून, मार्करच्या गोलासकट, सोबत न्यायची आहे.