रुंद नेकची गिटार: ४३, ४४.५, ४८ की ५२ मिमी?

आखाजीला मावसभाऊ रावेरहून आला तो गिटार खांद्याला लावूनच. केळीचा बागायतदार, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, गळा गोड. वर्षभरापूर्वी ऑनलाइन मागवलेली ३८ इंची कटअवे गिटार. सी कॉर्ड धरली की पहिली तार मुकी, ए धरली की तिन्ही बोटांची झोंबाझोंबी. "जमत नाही भो, बोटं एकावर एक चढतात. रुंद नेकवाली सांग एखादी." मग स्वतःचाच पंजा पुढे करून म्हणाला, "ही काय बोटं आहेत, फणी आहे केळीची."

माझीही बोटं त्याच्याच घराण्यातली. या रुंदीच्या नादात मी दोन गिटारी चुकीच्या घेतल्या आणि तिसरी बरोबर. त्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आत कूलरचा आवाज अशा वातावरणात त्याला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहितो.

रुंदी म्हणजे नेमकी कुठली, ते आधी पाहू. नेक म्हणजे डाव्या हाताने तारा दाबतो तो गिटारचा लांब दांडा. त्याच्या वरच्या टोकाला, डोक्याच्या आधी, तारा ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. त्याची लांबी म्हणजेच 'नट विड्थ', आणि तुलना करायची ती याच आकड्याची. '३८ इंची', '४१ इंची' हा गिटारच्या एकूण लांबीचा आकडा आहे, नेकच्या रुंदीशी त्याचा काही संबंध नाही. माझी पहिली चूक हीच होती. ३८ अडचणीची वाटली म्हणून ४१ आणली, नट मोजला तर तोच ४३ मिलिमीटर.

स्टीलच्या तारांची नेहमीची गिटार ४३ मिमी. जरा वरच्या दर्जाच्या अनेक स्टील गिटारी ४४ ते ४४.५. नायलॉन तारांच्या, पण नेक थोडा आवरलेल्या गिटारी ४८. आणि अस्सल क्लासिकल ५२. आकडे ऐकून वाटतं, एवढ्याशा दीड मिलिमीटरने काय होणार? आणि खरंच, वाटतं तेवढं होत नाही. दोन्ही कडांना तीन-साडेतीन मिमी सोडावे लागतात. उरलेल्या जागेत सहा तारा, म्हणजे पाच फटी. ४३ च्या नटवर एक फट साधारण ७.२ मिमी. ४४.५ वर ७.५. ४८ वर ८.२. ५२ वर कडेला थोडी जास्त जागा सोडूनही ८.८ च्या आसपास.

आता बोट मोजा. माझ्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर १८ मिमी रुंद आहे. एका तारेवर बोट ठेवलं की तिच्या दोन्ही शेजारणींमधलं अंतर ४३ च्या गिटारवर १४.४ आणि ५२ च्या गिटारवर १७.६. म्हणजे सगळ्यात रुंद नेकवरही माझं बोट आडवं पडलं तर शेजारच्या तारेला लागणारच. बोटाचं टोक गोल असतं, ते उभं आलं तरच सुटका. अंगठा नेकच्या मागे मध्यावर, मनगट थोडं पुढे, नखं कापलेली. रुंद नेक चुकीला थोडी जास्त माफी देतो, एवढंच त्याचं काम.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच एक परीक्षा घ्या. नेक खाली उतरताना रुंद होत जातो. ४३ ची गिटार बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) साधारण ५४ मिमी असते. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की तुमच्या हाताखाली आली ४६ मिमीच्या पुढची गिटार, एक पैसा खर्च न करता. तारांमधली फटही ७.८ च्या घरात जाते. आता तीच सी कॉर्ड धरा. तार मोकळी वाजली तर रुंदीचा उपयोग आहे. तरीही मुकीच राहिली, तर दोष हाताच्या ठेवणीत आहे आणि पन्नास हजारांच्या गिटारनेही तो जाणार नाही.

यात एक गोम आहे. कॅपो लावला की नट खेळातून बाहेर जातो. नटच्या खाचा उथळ, म्हणजे तारा उंच राहिलेल्या असतील, तर कॅपोने दाबायला हलकं लागतं आणि आपण रुंदीची वाहवा करत बसतो. ते वेगळं तपासायचं. कॅपो काढून तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात केसभर फट हवी. भावाच्या गिटारमध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद सहज सरकला. म्हणजे त्याचं निम्मं दुखणं रुंदीचं नव्हतंच.

आहे त्या ४३ वरच इलाज

जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेली कुठलीही स्टील गिटार उचला, बहुतेक वेळा ४३ च निघेल. यामाहा एफ ३१० घ्या, एफजी ८०० घ्या, फेंडर सीडी ६० एस घ्या, कॉर्ट एडी ८१० घ्या, सगळ्या याच मापाच्या. फरक आहे तो स्केलचा, म्हणजे नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत (तारा जिथे अडकवतात ती अंगावरची लाकडी पट्टी) वाजणाऱ्या तारेच्या लांबीचा. एफ ३१० चं स्केल ६३४ मिमी, त्यामुळे फ्रेट थोडे जवळ आणि तारांचा ताण कमी. एफजी ८०० चं ६५०. जाड बोटाला वाटतं ६५० बरं, फ्रेटमध्ये जागा जास्त. पण बोटं जाड आणि हात आखूड असेल तर ६३४ च सोयीचं.

यातल्या कुठल्याही गिटारला हाडाचा नवा नट बसवून खाचा थोड्या बाहेर सरकवता येतात. दोन टोकांच्या तारांमधलं अंतर एकूण मिलिमीटरभर वाढतं, त्याहून जास्त नाही, नाहीतर पहिली तार ओढताना कडेवरून घसरते. सोबत बाराच्या जाडीच्या (पहिली तार ०.०१२ इंच) तारा काढून अकराच्या किंवा दहाच्या टाका, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जाड बाजूला अडीच आणि बारीक बाजूला दोन मिमीपर्यंत आणा. काही शे रुपयांत गिटार वेगळीच वाटू लागते. माणूस मात्र जाणता हवा. एकाने माझ्या नटची खाच इतकी खोल घासली की मोकळी तार फ्रेटवर झणझणायला लागली, आणि वरून म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू."

४४.५: नाव मोठं, फरक अर्ध्या केसाचा

जुन्या काळी, आतड्याच्या तारा होत्या तेव्हा रुंद नेकच सर्रास असायचे. स्टीलच्या गिटारी हळूहळू अरुंद होत गेल्या. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९२९ साली ओएम नावाची गिटार काढली तिचा नट पावणेदोन इंच, म्हणजे ४४.५ मिमी होता. १९३९ मध्ये कंपनीने तो ४३ वर आणला, आणि पुढे जगाने तेच माप धरलं. आता त्यांच्या डी १८, डी २८ पुन्हा ४४.५ वर आल्या आहेत. टेलरच्या पूर्ण आकाराच्या बहुतेक गिटारी याच मापाच्या, पण जीएस मिनी आणि अकॅडमी मालिका ४३ च्याच जवळ. फक्त नाव पाहून उडी मारू नका. यामाहामध्ये एलएल १६ आणि एफजी ३ यांचा नट ४४ चा.

गिटारी सुंदर आहेत, त्यात वाद नाही. उजव्या हाताच्या बोटांनी एकेक तार छेडणाऱ्याला हा फरक जाणवतो आणि आवडतो. पण 'बोटं जाड आहेत' एवढ्याच कारणासाठी एफ ३१० च्या कित्येक पट पैसे मोजायचे, आणि पदरात काय? प्रत्येक फटीला ०.३ मिमी. त्यापेक्षा नवा नट बरा.

स्टीलच्या आवाजात खरी रुंद हवी असेल तर कॅनडाची सीगल एस ६. नट १.८ इंच, म्हणजे ४५.७ मिमी, वर सिडारचं लाकूड. जाड बोटांच्या लोकांना जगभर हेच नाव सांगितलं जातं. तिची 'स्लिम' आवृत्तीही येते, ती १.७२ इंचांची. चुकून ती घेतली तर सगळा खटाटोप वाया. आपल्याकडच्या दुकानात मी एस ६ कधी टांगलेली पाहिली नाही. मागवायची तर हातात न धरताच, आणि मला ते पटत नाही. काही जण बारा तारांची गिटार घेऊन सहाच तारा लावतात, तिचा नट साधारण ४७.६ असतो. पण नट नवा करावा लागतो आणि डोकं जड असल्याने गिटार पुढे झुकते. हौस असेल तर करा.

४८ आणि ५२: इथे तार बदलते

खरी निवड इथे आहे, आणि ती रुंदीची कमी, आवाजाची जास्त आहे. ४८ आणि ५२ म्हणजे नायलॉन. बोटाच्या टोकाला लागत नाही, दाबायला कमी जोर लागतो, आवाज मऊ आणि गोल. जुनी संथ गाणी, भावगीतं, एकट्याने गुणगुणणं यांना अप्रतिम. पण अंगणात दहा जण टाळ्या वाजवत गात असतील तर नायलॉन बुडून जातं. भरीत पार्टीत चुलीपाशी बसून खणखणीत ठेका द्यायचा असेल तर स्टीलच.

यामाहा सी ४० ही ५२ ची, स्केल ६५०, किंमत एफ ३१० च्या आसपासच. म्हणजे सगळ्यात रुंद नेक सगळ्यात स्वस्त दुकानी गिटारमध्ये मिळतो, ही गंमत लक्षात घ्या. फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकचा तारांखालचा पृष्ठभाग, सपाट, नेक बाराव्या फ्रेटवरच अंगाला मिळतो, पट्ट्यासाठी खुंटी बहुधा नसते. नव्या नायलॉन तारा पहिला आठवडाभर ताणत राहतात, दर गाण्याला सूर लावावा लागतो, त्याला गिटारचा दोष समजू नये. वरच्या लाकडावर पिकगार्ड नसतो, पिकने, म्हणजे तार छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्याने, जोरात वाजवलं तर ओरखडे पडतात. आणि रुंदीची किंमत हाताला मोजावी लागते. एफची बार कॉर्ड धरताना तर्जनी लांब पसरावी लागते, अंगठा वरून आणून सहावी तार दाबायची सवय असेल तर ती सोडावी लागते. पंजा रुंद पण बोटं आखूड असलेल्याला ५२ महिनाभर मनगटात बोलते.

सी ४० चीच धाकटी सीएस ४० आहे, नट ४८, स्केल ५८०. आकडा पाहून हीच घ्यावीशी वाटते. घेऊ नका, निदान जाड बोटांनी तरी नाही. तारांमध्ये जागा मिळते, पण फ्रेट इतके जवळ येतात की ए कॉर्डमध्ये तीन बोटं पुन्हा एकमेकांना ढकलतात. ती मुलांसाठी आहे.

प्रौढांसाठी ४८ म्हणजे यामाहा एनटीएक्स १ किंवा कॉर्डोबा फ्यूजन ५ अशा गिटारी. फ्रेटबोर्डला हलका बाक, नेक चौदाव्या फ्रेटवर जोडलेला. स्टीलवरून येणाऱ्याच्या हाताला परकं वाटत नाही आणि बोटांना जागा मिळते. एनटीएक्समध्ये पिकअपही, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणारी सोय, आहे, म्हणजे नायलॉनचा लहान आवाज ही अडचण स्पीकरवर सुटते. स्टेजवर, लग्नाच्या संगीतात वाजवणार असाल तर मी डोळे मिटून हीच सांगेन. घरच्या घरी वाजवायला एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

एक धोक्याची सूचना, कारण हा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत झाला आहे. क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका. नायलॉनचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास, स्टीलच्या बाराच्या तारांचा ७० च्या वर. रुंद नेकही मिळेल आणि स्टीलचा आवाजही, असा हिशेब करून एका मित्राने लावल्या. वैशाखातल्या एका दुपारी ब्रिज उखडून पंख्याच्या दिशेने गेला.

वैशाखावरून आठवलं. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात हवा कोरडी ठक्क, लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात. रुंद नेकवर हात जास्त फिरतो, म्हणून ते आधी जाणवतं. पावसाळ्यात उलट, लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात. कूलरसमोर टांगू नका, उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको. मे महिन्यात बॅगेत भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवला तरी पुरे.

भावाला मी सांगितलं: आधी आहे तिचा नट नीट करून घे, पंधरा दिवस वाजव, मग ठरव. त्याने अर्थात ऐकलं नाही. केळीच्या व्यवहारासाठी इंदूरला गेला तेव्हा एका दुकानात तासभर बसला, तीन गिटारींवर तीच एक सी कॉर्ड धरून पाहिली आणि सी ४० घेऊन आला. पहिली तार मोकळी वाजते, गळ्याला तो मऊ आवाज शोभतोही. मागच्या आठवड्यात माझा कॅपो परत पाठवला. बाकदार, स्टीलच्या नेकचा कॅपो तो. ५२ च्या सपाट नेकवर पहिली तार त्याच्या बाहेरच राहते.