मुक्तांगण, येरवडा: पहिल्या कठीण दिवसांसाठी भरवशाची जागा

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली, की काही तासांतच हातांना कंप, घाम आणि निद्रानाश सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरचा भ्रम तर जिवावरही बेतू शकतो. म्हणूनच थोरल्या भावाला आम्ही घरी ठेवले नाही. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात हा काळ वैद्यकीय देखरेखीखाली पार पडला. औषधांइतकाच आधार त्याला स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांनी दिला. वहिनींशीही समुपदेशक स्वतंत्रपणे बोलले, याचे मला विशेष मोल वाटते. झोप पूर्ववत व्हायला मात्र कित्येक आठवडे लागू शकतात, हे कुटुंबीयांनी दाखल करतानाच समजून घ्यावे.