आयकॅम-१ एफसी: प्रथिन चोख, शेपूट सांभाळा

आयकॅम-१ एफसी म्हणजे मानवी आयकॅम-१ चा (पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा, दुसरं नाव सीडी५४) पेशीबाहेरचा पाच डोमेनचा, म्हणजे पाच घड्यांचा, भाग आणि त्याला मागून जोडलेलं मानवी आयजीजी-१ अँटिबॉडीचं शेपूट, एफसी. टी पेशी एलएफए-१ च्या (त्यांच्यावरच्या आयकॅम धरणाऱ्या रिसेप्टरच्या) जोरावर किती चिकटतात हे मोजायला हा प्रकार हिस टॅगवाल्यापेक्षा (हिस्टिडीनची छोटी शेपटी जोडलेल्यापेक्षा) सरस आहे. एफसीमुळे रेणू जोडीने राहतो आणि पकड घट्ट होते. मात्र मोनोसाइट, न्यूट्रोफिल किंवा एनके पेशी वापरणार असाल तर हेच शेपूट घात करतं: त्या पेशींवर एफसी रिसेप्टर असल्याने त्या आयकॅम सोडून एफसीलाच धरतात.

घेताना सस्तन पेशींत, म्हणजे एचईके२९३, सीएचओ किंवा एनएस० मध्ये बनवलेलंच घ्यावं. ई. कोलायमधल्यावर साखरा नसतात. रिड्यूसिंग जेलवर (जोडी सोडवून वजन दाखवणाऱ्या जेलवर) पट्टा हिशेबाच्या ७५ किलोडाल्टनऐवजी १०० ते १२० च्या आसपास आणि पसरट दिसतो, तो साखरांमुळेच. त्यावरून माल खराब ठरवू नये. २५ ते ३० जवळ ठळक पट्टा दिसला तर मात्र एफसी तुटून सुटं झालेलं असतं, आणि ते प्लेटवरची जागा फुकट अडवतं.

दुसरी गोष्ट, प्रथिन कॅरिअर-फ्री, म्हणजे भर म्हणून दुसरं प्रथिन न घातलेलं, घ्यावं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेली व्हायल साठवणीला बरी, प्लेटच्या वेलना (खळग्यांना) प्रथिनाचा थर द्यायला, म्हणजे कोटिंगला, निकामी. बीएसए प्रथिनाच्या कितीतरी पट असतं, प्लास्टिकवर आधी तेच बसतं.

व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवावी, पावडर झाकणाला चिकटलेली असते. निर्जंतुक पीबीएसमध्ये (खारट फॉस्फेट बफरमध्ये) १०० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असं विरघळवून अर्धा तास तसंच ठेवावं. व्हॉर्टेक्स नको, फेस आला की प्रथिन बिघडतं. २० मायक्रोलिटरहून लहान वाटे करू नयेत आणि एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवू नये.

थेट कोटिंगसाठी हाय-बाइंडिंग प्लेटमध्ये ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, वेलमागे १०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर रात्रभर. मग उरलेली जागा झाकायला १ टक्का बीएसएने तासभर ब्लॉक. पण थेट कोटिंगमध्ये रेणू वाटेल तसे आडवेतिडवे बसतात, आणि एलएफए-१ ला हवं असलेलं पहिलं डोमेन बऱ्याचदा खाली दबतं. आधी एफसीविरोधी अँटिबॉडी लावून तिच्यावर आयकॅम धरलं तर तोंड वर राहतं आणि प्रथिनही कमी लागतं. एका दिवसाचा वेळ जास्त जातो, तेवढं चालवून घ्यावं.

“प्रथिन चालत नाही” अशा तक्रारींत दोष बहुतेकदा आयनांचा असतो. एलएफए-१ मॅग्नेशियम किंवा मँगनीजशिवाय आयकॅमला नीट धरत नाही. पेशी ईडीटीएने (धातूंचे आयन बांधून टाकणाऱ्या रसायनाने) सोडवून नीट धुतल्या नाहीत की सगळ्या वेल कोऱ्या. ५ मिलिमोलर मॅग्नेशियम आणि १ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधणारं), किंवा १ मिलिमोलर मँगनीज, हा पॉझिटिव्ह कंट्रोल हवाच. मँगनीज पीबीएससारख्या फॉस्फेटवाल्या बफरमध्ये घालू नये, साका बसतो. हेपीस बफर घ्यावं. उत्तेजनाशिवाय टी पेशी फारशा चिकटत नाहीत, तेव्हा पीएमए (पेशी उत्तेजित करणारं रसायन) ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर द्यावं. कॅल्सीन-एएम या चमकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या १ लाख पेशी प्रति वेल, ३७ अंशांवर अर्धा तास. धुताना बफर कोमट असावं. थंड बफरने पकड सुटते आणि आकडे विनाकारण पडतात.

नुसत्या एफसीचा कंट्रोल लावताना मोलर हिशेब करावा. एफसीची साखळी आयकॅम-एफसीच्या सुमारे एक तृतीयांश वजनाची, म्हणून ५ ला ५ नव्हे, साधारण १.७ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरे. शिवाय एलएफए-१ अडवणारी टीएस१/१८ सारखी अँटिबॉडी घालून चिकटणं पडतं का ते पाहावं. पडलं नाही तर जे मोजलं ते आयकॅमचं नव्हेच.

५० मायक्रोग्रॅमची व्हायल थेट कोटिंगला १०० वेल पुरते, म्हणजे जेमतेम एक प्लेट. नव्या लॉटचं टायट्रेशनही (किती प्रमाण लागतं याची चाचणीही) त्यातूनच करावं लागतं, म्हणून दोन व्हायल एकाच लॉटच्या मागवाव्यात.