आप्पांच्या शुगरच्या गोळ्या आणि जनऔषधीचं दुकान

दीड वर्ष झालं, आप्पांची महिन्याची औषधं जनऔषधी केंद्रातनं, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातनं आणतोय, आता खात्रीनं सांगता येतंय म्हणून लिहितोय. आप्पांना शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तिन्ही आहे. आधी नेहमीच्या मेडिकलचं बिल सतराशे-अठराशे व्हायचं आणि पेन्शनीत ते बसवताना आप्पा काय करायचे माहितेय? रात्रीची गोळी गुपचूप सोडायचे. डब्यात गोळ्या उरलेल्या बघून आईला कळलं, तेव्हा लई वाईट वाटलं.

मग मी चिठ्ठी घेऊन केंद्रात गेलो. तिथं कंपनीचं नाव चालत नाही, आतलं औषध काय आणि किती मिलिग्रॅम ते बघतात. आप्पांची शुगरची गोळी म्हणजे सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन एकत्र, ५०/५००. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी ही गोळी जनऔषधीत आली, सुरुवातीचा भाव दहा गोळ्यांना ६५ रुपये. दिवसाला दोन म्हणजे महिन्याला सहा पाकिटं, ३९० रुपये. बीपीची टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन धरून सगळं पाचशेच्या आसपास बसतंय बगा.

जुन्या मेडिकलवाल्यानं मात्र "असली स्वस्तातली घालू नका, गुण येत नाही" म्हणून घाबरवलं. घरी येऊन दोन्ही पाकिटं भिंगाखाली धरून मागची बारीक अक्षरं वाचली, औषध तेच, मिलिग्रॅम तेवढंच. महागातलं पाकीट तर हिमाचलातल्या बद्दीच्या कुठल्यातरी कारखान्यात बनवून घेतलेलं, वर नाव फक्त मोठ्या कंपनीचं. म्हणजे इतकी वर्षं आपण जेनेरिकच (पेटंट संपल्यावर दुसऱ्यांनी बनवलेलं तेच औषध) घेत होतो की, नावाचे पैसे तेवढे जादा देत होतो! जनऔषधीचा प्रत्येक बॅच एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये तपासूनच दुकानात येतो. तरी मी डॉक्टरांना विचारून बदललं आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) केली, आधी होती तेवढीच आली, उलट थोडी कमीच. आता गोळी चुकत नाही ना.

दुकानातला मुलगा चांगला आहे. बेळगावजवळच्या उचगाव, येळ्ळूरकडची म्हातारी माणसं येतात, त्यांना मराठीत किंवा कन्नडात कुठली सकाळची, कुठली रात्रीची ते पाकिटावर लिहून देतो. खरं स्टॉकची कटकट आहे, दोनदा "इल्ल री, नाळे बर्री" (नाही हो, उद्या या) ऐकून परत आलोय, म्हणून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच जायचं. जनऔषधी सुगम अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि भाव दोन्ही दिसतात.

आणखी एक, चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढं एसआर असेल तर पाकिटावर पण एसआर आहे का बघाच. ती गोळी पोटात हळूहळू सुटते, साधी घेतली तर हिशोब बदलतो. एकदा मला साधी मेटफॉर्मिन दिलेली, काऊंटरवरच वाचलं म्हणून लक्षात आलं, त्यांनी लगेच बदलून दिली.

आईची थायरॉईडची गोळी मात्र मी बदललेली नाही. त्यात थोडा फरक पण लागतो, कंपनी बदलली की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) परत करायला लागते असं डॉक्टर म्हणाले. फिटच्या औषधाचं पण तसंच, ती मनानं बदलू नका.