सासण गीरची जीप सफारी, दुसऱ्यांदा

डिसेंबरात दादा, वहिनी आणि मी सासणला जाऊन आलो. जंगलातल्या जीपच्या दोन फेऱ्या आणि देवळियाच्या कुंपणातल्या जंगलाची बस, एवढं दोन दिवसांत झालं. बडोद्याच्या रावपुऱ्यात माझा दातांचा दवाखाना आहे. आल्यापासून पेशंट दोनच गोष्टी विचारतात: सिंह दिसला का आणि पैसे वसूल झाले का. दोन्हीचं उत्तर हो. पण तुम्ही नक्की काय बघायला जाताय, यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून जरा बैजवार लिहिते.

आधी व्यवहाराचं. परवाना वनखात्याच्या साइटवरूनच काढा, आणि स्वतः काढा. जंगल १६ ऑक्टोबर ते १५ जून एवढंच खुलं असतं, पावसाळ्यात बंद. एका जीपमध्ये सहा माणसं बसतात. परवान्याचे पैसे ऑनलाइन भरायचे, जीपचे आणि गाईडचे तिथे गेल्यावर वेगळे. आम्ही दादाच्या आग्रहाखातर बडोद्यातल्याच एका एजंटाकडून काम करून घेतलं. त्याने जवळजवळ दुप्पट पैसे घेतले, वर परवान्यावर वहिनींचं नाव ओळखपत्रापेक्षा वेगळंच लिहिलं. पहाटे सिंहसदनच्या, म्हणजे सासणच्या वनखात्याच्या विश्रामगृहाच्या, खिडकीवर वीस मिनिटं त्यातच गेली. खिडकीवरच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, अर्ज लिहून घेतला आणि सोडलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पहाटेची वीस मिनिटं फार मोलाची असतात. उन्हं चढली की सिंह झाडोऱ्यात जाऊन पडतो तो थेट संध्याकाळपर्यंत.

गाईड नंबराप्रमाणे मिळतो, निवडता येत नाही. आम्हाला मिळाला तो पन्नाशीचा, अंगाने किरकोळ, आवाज इतका हळू की मागच्या बाकावर बसून कान द्यावा लागे. पण या सगळ्या सेवेत सर्वात मोलाचं काय असेल तर हा माणूस. जीप आणि रस्ता सगळ्यांना सारखाच. समोर दिसतंय ते काय आहे, हे सांगणारा हवा.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा गेले होते. तेव्हा खाखऱ्याच्या झाडाखाली (आपला पळस) दोन मोठे नर एकमेकांना टेकून झोपलेले पाहिले होते. एक उठला, दुसऱ्याच्या मानेवर कपाळ घासलं आणि पुन्हा तिथेच आडवा झाला. तेव्हाचा गाईड म्हणाला होता, जय-वीरू. नावं कुठून आली ते सांगायला नकोच. पुढे २०२५ च्या जूनमध्ये वीरू गेला आणि जुलैच्या अखेरीस जय. दुसऱ्या नरांशी झालेल्या झुंजीत दोघं जबर जखमी झाले होते, आणि त्या वेळी दोघं एकमेकांपासून लांब होते. वनखात्याच्या डॉक्टरांनी उपचार केले, उपयोग झाला नाही. ती बातमी मी दवाखान्यात दोन पेशंटांच्या मध्ये वाचली आणि पुढच्या पेशंटला दहा मिनिटं थांबवलं. या खेपेला सासणला जायचं कारण तेच होतं. जोडी गेल्यावर तिथे काय असतं, हे मला बघायचं होतं.

पहिल्याच फेरीत, उन्हं नुकती पडत होती तेव्हा चितळाने ओरडून वर्दी दिली. गाईडने हात वर केला, जीप थांबली. रस्त्यापासून पंचवीस-तीस पावलांवर, सुकलेल्या गवतात, एक नर बसला होता. एकटा. आयाळ बाजूने विरळ, पण गळ्याखाली काळपट. गीरच्या सिंहाची आयाळ आफ्रिकेतल्यापेक्षा आखूड, त्यामुळे कान उघडे दिसतात. याचा डावा कान वरून फाटलेला होता. पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी, ती इथल्या सिंहाची खूण. उजवा मागचा पाय तो वाकवून नाही, सरळ लांब ठेवून बसला होता.

मग त्याने जांभई दिली.

दुर्बीण डोळ्याला होती. एकतीस वर्षं मी माणसांच्या तोंडात बघते, पण असं तोंड पहिल्यांदा पाहिलं. सिंहाला दात तीस. वरचा डावा सुळा मधूनच तुटलेला, तुटलेल्या जागी मध्यभागी तपकिरी टिपका, म्हणजे आतला मगज कधीतरी उघडा पडून मेलेला. उजवा सुळा शाबूत, पण टोक झिजून बोथट, रंग जुन्या हस्तिदंतासारखा. खालचे पुढचे बारीक दात जवळजवळ हिरडीपर्यंत घासलेले. मांस कात्रीसारखं कापणाऱ्या मागच्या दाढा एका बाजूला तरी बऱ्या वाटल्या. माणसाला असा दात असता तर रात्रभर झोप नसती. हा जांभई संपवून जीभ फिरवून पुन्हा शांत बसला. नाकाचा शेंडा मी नंतर पाहिला. तो तरुणपणी गुलाबी असतो, वयाबरोबर काळे ठिपके वाढत जातात. याचा बहुतेक काळाच होता.

“केटला वरस?” दादाने विचारलं. गाईड म्हणाला, दहाच्या पुढचा. आणि मग अगदी हळू, “एनो भेरू गयो.” याचा जोडीदार गेला. काठेवाडीतला हा भेरू शब्द मराठीत कसा आणायचा? सोबती म्हटलं तर कमी पडतं.

पुढची पंधरा मिनिटं तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. नर वयात आला की आईचा कळप सोडतो, भटकतो आणि एखादा जोडीदार धरतो. कधी सख्खा भाऊ, कधी अगदी परका. आफ्रिकेत चार-सहा नरांच्याही टोळ्या होतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सॅबी सँड अभयारण्यातली सहा नरांची मापोगो टोळी त्यामुळेच जगभर गाजली. गीरमध्ये मुख्यतः दोघांची जोडी. इथे नर माद्यांच्या कळपात कायम राहतही नाहीत, वेगळे हिंडतात. प्रदेश राखायचा तर रोज रात्री डरकाळ्या द्यायच्या, झुडपांवर मूत्राची फवारणी करायची, सीमेवर फिरायचं. दोघं असले की एकाने समोरून अडवायचं, दुसऱ्याने मागून. एकट्यावर दोघं आले की मागच्या पायांवर आणि कण्यावर चावे बसतात. याचा उजवा पाय तसाच.

वहिनींनी विचारलं, “मग हा आता खाणार काय?” गाईड म्हणाला, भुंड (रानडुक्कर) मिळालं तर भुंड, नाहीतर कडेला जाऊन मालधाऱ्याची, म्हणजे इथल्या गुराख्याची, म्हैस. हे खरंच आहे. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले, त्यातले ५०७ राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या बाहेर. बाहेर शेतं, वाड्या, उघड्या विहिरी.

घरी आल्यावर मी याबद्दल शोधून वाचलं. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी गीरच्या नरांवर बरीच वर्षं नजर ठेवून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. जोडीतही वरचढ एकच असतो: मादीशी मीलनाच्या ७० टक्क्यांहून जास्त संधी त्यालाच मिळतात, आणि खाणंही त्याच्या वाट्याला ४७ टक्के जास्त येतं. म्हणजे दुसऱ्याला उरलंसुरलं. तरीही सगळ्यात वाईट हाल एकट्या नराचेच. ही गोष्ट वाचून मी फार वेळ विचार करत बसले. खाखऱ्याखाली कपाळ घासणारा त्या दोघांतला कोणता होता, वरचढ की दुय्यम, ते मला तेव्हा विचारायचं सुचलंच नाही.

आता उणीव सांगते, कारण ती सुधारता येण्यासारखी आहे. आम्ही त्या म्हाताऱ्याजवळ असतानाच मागून तीन जिपा आल्या. एका गाडीतली मंडळी “उभो था, उभो था” म्हणून ओरडत होती, म्हणजे सिंहाने उठून उभं राहावं. त्यांच्या गाईडने एकदाही रोखलं नाही. दुखऱ्या पायाचं जनावर उठलं, लंगडत करवंदीच्या जाळीत गेलं. गाईड बोलणारा असतो तसा अडवणाराही असायला हवा, आणि त्यासाठी वनखात्याने त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.

देवळियाबद्दल थोडक्यात. कुंपणातलं जंगल, बसमधून तासाभरात सिंह हमखास दिसतात. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर तेच बरं. बुधवारी बंद असतं. मला तिथे काही कळलं नाही, कारण तिथे कोणाला कोणापासून काही राखायचं नसतं.

दुपारच्या फेरीला योगायोगाने तोच गाईड नंबरात आला. हिरण नदीच्या अंगाने गेलो. उतारावर सागाच्या पानांत दोन तरुण नर दिसले, नाकाचे शेंडे अजून अर्धे गुलाबी, दात पांढरेशुभ्र. एकाने झुडपाला पाठ करून फवारा मारला, दुसऱ्याने येऊन त्याच झुडपाला तोंड घासलं. गाईड इतकंच म्हणाला, नवे आहेत. नव्या नरांचा अंमल बसला की आधीच्यांची पिल्लं मारली जातात. म्हणून गीरच्या माद्या आजूबाजूच्या एकाहून जास्त जोड्यांशी संबंध ठेवतात, पिल्लू कोणाचं ते कोणालाच कळू नये. हे वहिनींना फार पटलं. परतीच्या रस्त्यावर त्या तेच बोलत होत्या.

फाटकाला दहा मिनिटं उरली असताना त्या दोघांची डरकाळी झाली. आधी एकाची, मग त्यातच मिसळून दुसऱ्याची. छातीत धडधडतं, जीपच्या पत्र्यालाही कंप येतो. ही हाक आठ किलोमीटरपर्यंत जाते म्हणतात. मी म्हातारा उत्तर देईल म्हणून कान लावून बसले. सकाळी म्हातारा दिसला होता त्या बाजूला गाईडने मान वळवली. “सांभळे छे,” तो म्हणाला. ऐकतोय. “बोलशे नहीं.” प्रदेश नसलेला नर डरकाळी देत नाही, आवाजाच्या मागावर दुसरे येतात.

फेब्रुवारीचा परवाना मी काल काढला. वहिनींचं नाव तीनदा तपासून.