एकाच्या घरी की गटनिवासात?

विकासात्मक अपंगत्व (लहानपणापासूनच शिकण्यात, रोजची कामं करण्यात येणाऱ्या अडचणी) असलेल्यांची सोबती म्हणून काम करायचं, पण कुठे? एकाच्याच घरी, की असे काहीजण एकत्र राहतात त्या गटनिवासात? मैत्रीण इथेच अडलीये. मी दोन्ही केलंय.

शिकवायला घर बरं. शर्टाचं बटण लावताना आधी मी हात धरायचे, मग नुसतं बोट दाखवायचे, शेवटी गप्प बसायचे. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड! गटात चौघांची एकदम घाई; आपणच बटण लावून मोकळे होतो.

पण फिट आली तर? वेळ बघा, कुशीवर वळवा, 5 मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. घरी हे सगळं एकटीने. गटात हाकेला कुणीतरी असतं.

कामाचे तास गटात ठरलेले. घरी हळूच ‘भांडीपण घासशील का?’ सुरू होतं.

नवखी असशील तर गटनिवास. एकटीने निर्णय घ्यायची सवय आणि भरपूर चिकाटी असेल, तर घर.