कीटकांची जुनी हातरंगीत चित्रपाने: डोनोव्हन घ्यावा की मूर?

लंडनमधील जुन्या छापील चित्रांच्या एका विक्रेत्याकडून मी भारतीय कीटकांची दोन सुटी पाने मागविली. एक पान एडवर्ड डोनोव्हन यांच्या भारतातील कीटकांवरील ग्रंथातले आहे आणि दुसरे फ्रेडरिक मूर यांच्या ‘लेपिडॉप्टेरा इंडिका’ या भारतीय फुलपाखरे व पतंगांवरील ग्रंथातले. दोन्ही पाने आधी काळ्या शाईत छापून मग हाताने रंगविलेली असली, तरी त्यांच्यामध्ये जवळजवळ एका शतकाचे अंतर आहे आणि छपाईची रीतही वेगळी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. पाहताक्षणी भुरळ घालतो तो डोनोव्हन. पण ज्याला फुलपाखरांत खरा रस आहे आणि खिशाचाही विचार करायचा आहे, त्याने मूर घ्यावा. विक्रेत्याची शिफारस मात्र मी करणार नाही.

डोनोव्हन यांचा ग्रंथ 1800 पासून पुढची काही वर्षे भागाभागाने प्रसिद्ध झाला आणि त्यात 58 रंगीत चित्रे होती. मजकूर त्यांनीच लिहिला, चित्रेही त्यांनीच काढली आणि तांब्याच्या पत्र्यांवर ती कोरण्याचे कामही स्वतःच केले. भारतात मात्र ते कधीच आले नाहीत. जहाजांतून लंडनला पोहोचलेले आणि हौशी संग्राहकांच्या कपाटांत टाचून ठेवलेले सुके नमुने हेच त्यांचे भांडार होते. त्यामुळे त्यांचा कीटक एखाद्या फुलाशेजारी दिमाखात बसलेला दिसला, तरी त्या फुलाशी त्याचा प्रत्यक्षात काही संबंध असेलच असे नाही. पुढे 1807 मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे संग्रहालयही उघडले, परंतु 1837 मध्ये ते वारले तेव्हा हाती काही उरले नव्हते. ज्यांची पाने आज काचेमागे मिरवतात, त्या माणसाची ही अखेर वाचून मन खट्टू होते.

माझ्याकडे आलेल्या पानावर मुख्य मान सोनकिड्याचा आहे. लहानपणी काड्यापेटीत पानाचा तुकडा घालून ज्याला आपण ठेवीत असू, त्याच कुळातला हा हिरवा, धातूसारखा झळकणारा भुंगेरा. जलरंगात अशी झळाळी आणणे सोपे नाही. डोनोव्हन रंगांचे थरावर थर चढवीत, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देत आणि काही ठिकाणी धातूची भुकटी मिसळलेला रंगही वापरीत. पान डोळ्यांसमोर सरळ धरले, तर किड्याची पाठ नुसती गडद हिरवी दिसते. खिडकीकडे तिरपे केले की लेप उजळतो आणि हिरव्यातून तांबूस सोनेरी छटा वर येते. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली आणखी मजा दिसते. कोरलेल्या बारीक रेषा रंगाखाली जिवंत आहेत, आणि मागच्या उजव्या पायापाशी हिरवा रंग रेषा ओलांडून किंचित बाहेर गेला आहे. पुनर्मुद्रित चित्रात असा ओघळही छापलेलाच असता आणि भिंगाखाली तो ठिपक्यांत विरघळला असता. इथे तो कुंचल्याचा आहे.

दोषही आहे. शेजारच्या फुलाच्या पांढऱ्या पाकळ्यांवर करड्या रंगाची कळा आली आहे. शिशापासून केलेला पांढरा रंग हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे कालांतराने काळवंडतो, आणि त्या काळच्या कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरात तो न काळवंडता तरच नवल होते. हा विक्रेत्याचा दोष नव्हे. परंतु वर्णनात ‘रंग उत्कृष्ट’ असे लिहिताना त्याचा उल्लेख करायला हवा होता.

त्याहून मोठी अडचण सालाची होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव आणि तारीख कोरलेली असते, कारण इंग्लंडमध्ये 1735 पासूनच्या कायद्याने कोरीव चित्राला संरक्षण हवे असेल तर तसे करणे आवश्यक होते. विक्रेते हीच तारीख बिनदिक्कत विक्रीच्या वर्णनात उचलतात. पण तांब्याचा पत्रा टिकाऊ असतो. तो पुढेही वापरता येतो आणि त्यावर कोरलेली जुनी तारीख नव्या कागदावरही तशीच उमटते. डोनोव्हन यांच्या या ग्रंथाची इंग्लिश कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुड यांनी सुधारलेली आवृत्ती 1842 मध्ये निघाली, म्हणून ‘1800 चे पान’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. कागद उजेडासमोर धरावा. 1794 नंतरच्या बऱ्याच इंग्लिश कागदांच्या जलचिन्हात कारखान्याच्या नावाबरोबर वर्षही असते; माझ्या पानात व्हॉटमन या नावाची काही अक्षरे आहेत आणि वर्षाचा भाग बांधणीच्या वेळी कापला गेला आहे. आवृत्ती कोणती, असे विचारल्यावर विक्रेत्याकडून ‘पहिली असावी’ एवढेच उत्तर आले. या ‘असावी’साठी पहिल्या आवृत्तीचा भाव मोजणे मला पटलेले नाही.

आता मूर. ‘लेपिडॉप्टेरा इंडिका’चे दहा खंड 1890 ते 1913 या काळात लंडनमध्ये निघाले आणि त्यांत 835 चित्रे आहेत. मूर 1907 मध्ये वारले आणि ग्रंथ कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी पुरा केला. हे तेच स्विन्हो, जे 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक होते आणि ज्यांनी मुंबई व दख्खनच्या फुलपाखरांवर लेखन केले. म्हणजे लंडनमध्ये छापलेल्या या ग्रंथामागे आपल्याकडच्या रानांत प्रत्यक्ष हिंडलेल्या माणसाची नजर आहे, आणि डोनोव्हनच्या तुलनेत हा फरक पानापानावर जाणवतो.

ही छपाई शिळाछापाची, म्हणजे सपाट दगडावर काढलेल्या चित्रावरून केलेली आहे. त्यामुळे तांब्याच्या पत्र्याचा दाब कागदावर उमटत नाही आणि रेषेवरून बोट फिरविले तर उंचवटा लागत नाही. ‘दाबाची खूण नाही म्हणजे नक्कल’ हा निकष इथे लावू नये. रंग हाताचेच आहेत. नाट्य मात्र अजिबात नाही. पांढऱ्या कागदावर नर, मादी, पंखांची वरची बाजू, खालची बाजू, आणि क्वचित सुरवंट व कोष, अशी शिस्तीने केलेली मांडणी असते. ज्यांना भिंतीवर ऐट हवी त्यांना हे चित्र शाळेच्या तक्त्यासारखे वाटेल. मला ते अधिक आवडते, कारण त्यावरून फुलपाखरू ओळखता येते. माझ्या पानावरील फुलपाखराच्या मागच्या पंखांच्या कडांशी रंगविणाऱ्याने निळ्याच्या दोन छटा इतक्या बेमालूम मिळविल्या आहेत की जोड भिंगाखालीही सापडत नाही. शेकडो प्रतींसाठी हेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या त्या हाताचे नाव पानावर नाही. किमतीचे म्हणाल तर डोनोव्हनच्या एका पानाच्या पैशात मूरची चार-पाच पाने सहज येतात.

दोन्ही ग्रंथ ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’च्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पान मागविण्याआधी तिथली प्रत शेजारी उघडून रंग पडताळावेत आणि सोबतचा मजकूर वाचून घ्यावा, कारण सुट्या पानाबरोबर तो मिळत नाही. धडधाकट खंड फोडून पाने विकण्याचा धंदा मला रुचत नाही. मुळात अपुऱ्या किंवा बांधणी गेलेल्या प्रतीतील पान आहे का, असे विचारले तर काही विक्रेते प्रामाणिकपणे सांगतात. याने उत्तरच दिले नाही.

खरा राग आला तो पुठ्ठ्याची चौकट उचलल्यावर. डोनोव्हनचे पान वरच्या कडेला साध्या पारदर्शक चिकटपट्टीने चिकटविलेले होते. अशा पट्टीचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि डाग उरतो. दोनशे वर्षांच्या आसपासचा कागद हाताळणाऱ्या व्यावसायिकाला हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. पट्टी काढण्यासाठी कागद-संवर्धकाला दिलेले पैसे मूरच्या एका पानाच्या किमतीएवढे झाले. मूरचे पान मात्र जपानी कागदाच्या बिजागरीने नीट टांगलेले होते. तेव्हा निष्काळजीपणा नेमका महागड्या पानाच्या वाट्याला का आला, हे कळत नाही.

आपल्या हवेत ही पाने टिकवायची तर चौकटीतला पुठ्ठा आम्लरहित हवा, चित्र काचेला टेकता कामा नये आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ते लावू नये. कोकणात तर बुरशीचे तांबूस ठिपके एका पावसातही उमटू शकतात. उन्हात किरमिजी रंग आधी उडतो. लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नये. आणि कसर! कीटकांचे चित्र कीटकानेच खाल्ले तर कोणाकडे दाद मागणार?

वस्तू परत करण्याची मुदत विक्रेते देतात, पण तिच्या भरवशावर राहू नये. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर कडक बंधने आहेत, आणि बाहेरून आलेले पान परत पाठवतानाही हा कायदा आड येऊ शकतो. म्हणून पानाच्या मागच्या बाजूचे, चारही कडांचे आणि उजेडासमोर धरलेल्या जलचिन्हाचे छायाचित्र पैसे भरण्याआधीच मागावे. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताचे मूरचे पान मी आता दुसऱ्या एका विक्रेत्याकडून मागविले आहे; त्याने ही सगळी छायाचित्रे मागताच पाठविली, आणि डाव्या कडेची छोटी चीरही आपणहून दाखविली.